मूळ नोंद

फुगडीची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी चौगुले सरांवर दात खायला नको.

मी निलांबरी खराडे. मिरजेत अठ्ठावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली नऊ वर्षं आमच्या भागातल्या मुलींच्या खो-खो संघाची फिजिओ. फिजिओ म्हणजे मालिश करणारी बाई, असं बऱ्याच लोकांना वाटतं. वाटू द्या. मालिश करणाऱ्या बाईनं कुणाचं एवढं वाटोळं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आधी कन्कशनबद्दल सांगते. डोक्याला मार बसतो, रक्त येत नाही, हाड मोडत नाही, स्कॅन स्वच्छ येतो. पण मेंदू आतल्या आत हिसडला गेलेला असतो. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, चालताना जमीन कलती लागते. मी शिकत होते तेव्हा अशा माणसाला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगायचे. पुढे कळलं की दोन दिवसांपलीकडे नुसतं पडून राहिलं तर माणूस जास्तच बिघडतो. त्याला हळूहळू चालवायचं, सायकलवर बसवायचं, नाडीच्या ज्या ठोक्यांवर डोकं दुखायला लागतं त्याच्या जरा अलीकडे थांबवायचं. मानेचे स्नायू सुधारायचे, तोल आणि नजर पुन्हा शिकवायची. हे सगळं आमचं काम. औषधाच्या गोळीचा इथे फारसा उपयोग नाही.

नजर शिकवायची म्हणजे काय, ते घरबसल्या करून बघा. हातात वर्तमानपत्र धरा आणि ते डावी-उजवीकडे भराभर हलवा. अक्षर वाचता येणार नाही. आता वर्तमानपत्र स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं मान हलवा. वाचता येईल. कारण कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. मान हलली की त्या डोळ्यांना कळवतात आणि डोळे तेवढेच उलट फिरतात. आपण पळत असताना जग जागच्या जागी दिसतं ते या व्यवस्थेमुळे. कन्कशनमध्ये नेमकी हीच बिघडते.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ही व्यवस्था मोजणारा पट्टा आला. कपाळावरून कानामागे जाणारा, दोन बोटं रुंद, पुढे चष्म्यासारखी काच. चाळीस सेकंद मान हलवायची, पट्टा डोळ्यांची चाल मोजतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, म्हणून खो-खो महासंघानं नियम केला: मोसमाआधी प्रत्येक खेळाडूची धडधाकट असतानाची मूळ नोंद घ्यायची आणि ती महासंघाकडे कुलूपबंद ठेवायची. डोक्याला मार बसला, तर त्या नोंदीशी पंचाण्णव टक्के जुळल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवायचं नाही.

नियम चांगला होता, पण माणसासाठी नव्हता. पहिल्याच वर्षी आमची एक मुलगी ठणठणीत बरी होऊन त्र्याण्णववर अडकली आणि अख्खा मोसम बाकावर बसली. दोन टक्क्यांसाठी. मी भयंकर चिडले. चिडल्यावर मला कल्पना सुचतात, तशी ही सुचली: मूळ नोंदच जरा वाईट आली तर? मग मार बसल्यावर तिथवर पोचायला कितीसा वेळ लागणार?

नोंदीची खोली बोळाच्या टोकाला होती. पुढच्या वर्षी मुलींना मी बोळात जोड्या लावून फुगड्या घालायला लावल्या. नागपंचमीला घालतात तशा, हात घट्ट धरून, मागे रेलून, गरागरा. फुगडी थांबली तरी कानातलं पाणी फिरत राहतं आणि डोळे एका बाजूला घसरत राहतात. दहा पावलांवर खोली, चाळीस सेकंदांची नोंद. एकेक मुलगी खिदळत, भिंत धरत आत जायची आणि मी दारात उभी राहून महासंघाच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पट्टा फक्त मोजत होता.

तीन वर्षांनी नवा पट्टा आला. तो नुसता मोजत नसे, शिकवतही असे. डोळा कमी फिरला की काचेतलं चित्र किंचित सरकवायचा, कानामागून मुंगी चावल्याइतका विजेचा झटका द्यायचा आणि मेंदूला नोंदीकडे ढकलत राहायचा. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की आठ आठवड्यांनी हा बदल कायमचा होतो, पट्टा काढला तरी जात नाही. अपघातात तोल गेलेली माणसं त्या पट्ट्यानं पुन्हा चालली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उत्तम यंत्र होतं. आमच्या संघाच्या सगळ्या नोंदी मात्र फुगडीच्या होत्या, आणि सवय म्हणून पुढेही आम्ही फुगड्याच घालत राहिलो.

शर्वरी मगदूम आमच्याकडे अठराव्या वर्षी आली. मिरजेजवळच्या आरगची. वडील नाहीत, आई अंगणवाडीत सेविका. खो-खोत पाठलाग करणारे पुष्कळ असतात, पण खांबाला धरून गर्रकन वळून, त्याच झोकात पळणाऱ्यावर सूर मारणारी अशी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. वळतानाही तिची नजर समोरच्या मुलीच्या पाठीवरून हलायची नाही. एकविसाव्या वर्षी, आशियाई स्पर्धेची निवडचाचणी दोन महिन्यांवर असताना, सरावात एका मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला.

दोन दिवस विश्रांती, मग तिसऱ्या दिवसापासून मी तिला माझ्या पद्धतीनं हाती घेतलं. सकाळी सायकल, नाडीवर लक्ष ठेवून. मग मान. मग भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरच्या ‘क’वर नजर लावून मान हलवायची, आधी बसून, मग उभी राहून, मग फोमच्या गादीवर. पहिल्या दिवशी तिला ओकारी आली.

“मॅडम, ही कसली कसरत? मार बसलाय डोस्क्याला आन् तुमी डोस्कंच हलवाय लावताय.”

“आधी वाढतं, मग कमी होतं,” मी म्हणाले. “गरगरलं तरच मेंदू शिकतो.”

हे अगदी खरं आहे. तोलाच्या व्यायामात पेशंटला थोडं गरगरायलाच हवं. शर्वरीनं त्यावर कधी शंका घेतली नाही. मी दहा वेळा सांगितलं की ती पंधरा वेळा करायची.

दहाव्या दिवशी मी तिला स्टुलावर बसवलं, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, “माझ्या नाकाकडे बघ.” मग एकदम डावीकडे हिसका दिला, एकदम उजवीकडे दिला. तिची नजर नाकावरून तसूभर हलली नाही. डोळे मिटून फोमवर एका पायावर तीस सेकंद उभी राहिली आणि वर हसली. अशी तपासणी मी हजारो वेळा केली आहे, माझे हात त्यात चुकत नाहीत. पोरगी बरी झाली होती. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा पाजला.

मग नियमाप्रमाणे पट्टा लावला. मूळ नोंदीशी जुळणी: अठ्ठावन्न टक्के.

तिचा चेहरा पडला. “म्हंजे निम्मीच झाले व्हय मी बरी?”

अठ्ठावन्नचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. ती नोंदीच्या खाली नव्हती, वर होती. निरोगी मुलगी आणि फुगडीनं भेलकांडलेली मुलगी यांच्यातलं ते अंतर होतं.

तिला घरी पाठवून मी चौगुले सरांना बोलावलं. चौगुले सर आमचे प्रशिक्षक. तीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होते, मुलींवर जीव टाकणारा माणूस. मी सगळं समजावून सांगितलं. एक मार्ग सरळ होता: मूळ नोंद खोटी आहे असं महासंघाला लेखी कळवायचं. सोळाव्या वर्षी, शाळेच्या संघात असताना, शर्वरीची एक नोंद झाली होती. ती खरी होती, त्या संघात फुगडी नव्हती. आत्ताची नोंद खोटी ठरली की महासंघ ती जुनी उघडतो. शर्वरीला त्याच दिवशी परवानगी मिळाली असती.

“आन् बाकीच्यांचं?” सरांनी विचारलं.

बाकीच्या चौदा जणींच्या नोंदी तपासल्या जाणार. शर्वरीसारखी जुनी, खरी नोंद त्यांच्यातल्या एकीचीही नव्हती. संघावर दोन वर्षं बंदी, त्यांना घरी बसवणार आणि माझं लायसन रद्द.

सरांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. “मॅडम, एकीसाठी चौदा जणींच्या अन्नात माती कालवायची? त्यातल्या सहा जणी आशियाईच्या यादीत हायत. आसं करा, पट्टा लावा. जरा बिघडंल, पंचाण्णव होईल, चाचणी होईल. मग पट्टा काढला की पोरगी येईल की आपोआप पूर्वपदावर.”

“आठ आठवड्यांनी ते कायमचं होतं, सर.”

“चाचणी सात आठवड्यांवर हाय. एक आठवडा हातात ऱ्हातोय की.”

मी होकार दिला. सरांनी मला भरीस घातलं, असं म्हणायची सोय नाही. हा हिशेब त्यांच्या आधी माझ्या डोक्यात झाला होता. मला फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी शर्वरीला पट्टा बांधला. रोज एकदा, वीस मिनिटं, घरी करायचं. आतून ‘क’ दिसेल, मान हलवत राहायची. आठवड्यानं सहासष्ट टक्के. तिसऱ्या आठवड्यात एकोणऐंशी. आकडा वाढला की पट्ट्यावर हिरवा दिवा लागायचा आणि ती त्याचा फोटो काढून मला पाठवायची.

“मॅडम, आकडा वाढतोय, पर गरगरतंय लई,” ती फोनवर म्हणाली. “काल एसटीतनं उतरताना मी बाईच्या अंगावरच पडले.”

“आधी वाढतं, मग कमी होतं,” मी म्हणाले.

तेच वाक्य, त्याच आवाजात. तिला ऐकून हायसं वाटलं, ते मला फोनवरही कळलं.

चौथ्या आठवड्यात तिची आई दवाखान्यात आली. अंगणवाडीचा गणवेश अंगावर होता. बसायलाही तयार नव्हती.

“मॅडम, पोरगी तोंड धुताना डोळं मिटली की पडती. न्हाणीत मी खुर्ची ठेवलीय. राती उठली तर भिंत धरून जाती. ह्ये बरं व्हायचं लक्षण हाय व्हय?”

“वहिनी, मेंदू नवीन शिकतोय. थोडा धीर धरा.”

“धीर हाय ओ. आमच्या पोरीचा तर तुमच्यावर लई भरवसा. तुमी दिवसातनं एकदा सांगितलंय, तर ही सकाळ-संध्याकाळ दोन्ही टायमाला पट्टा लावून बसती. म्हणती, मॅडमना निवडचाचणीत दाखवायचंय.”

पट्ट्याचा बदल मिनिटांवर मोजला जातो. दोनदा करत असेल तर आठ आठवड्यांचं काम कितीतरी आधी पुरं होणार होतं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की उद्यापासून बंद. मी म्हणाले, “एकदाच पुरे म्हणावं.” वहिनी बरं म्हणाल्या. शर्वरीनं ऐकलं नाही हे मला पुढच्या फोटोवरूनच कळलं. अठ्ठ्याऐंशी टक्के. ओरडायला फोन उचलला आणि ठेवून दिला. लवकर पंचाण्णव झालं तर लवकर पट्टा सुटेल, असं मी स्वतःला समजावलं.

पाचव्या आठवड्यात तिला बोलावून पुन्हा स्टुलावर बसवलं. डोकं हातांत धरलं, डावीकडे हिसका दिला. तिचे डोळे घसरत गेले, बऱ्याच वेळानं धडपडत परत आले. उजवीकडे बरे होते. आमच्या मुली फुगडी नेहमी एकाच अंगानं घालतात.

“कसं हाय, मॅडम?”

“सुधारणा आहे.”

त्या संध्याकाळी मी महासंघाला पत्र लिहिलं. नीट, तारखांसकट, माझ्या नावानिशी. वाचून काढलं आणि पाठवलं नाही. मला भीती वाटली. चौदा मुलींची काळजी होती, ती खोटी नव्हती, पण भीती माझ्या लायसनची होती. पन्नाशी उलटल्यावर मिरजेत लोक माझ्याकडे बोट दाखवतील, एवढ्या एका विचारानं माझा हात मागे आला.

सातव्या आठवड्यात पट्ट्यानं शहाण्णव दाखवले. महासंघाचं प्रमाणपत्र तासाभरात आलं: खेळाडू पूर्णपणे पूर्ववत. खाली यंत्राची सही आणि माझी सही.

निवडचाचणी सांगलीत होती. शर्वरी चौथ्या चौकोनात बसली होती. खो मिळाला तशी उठली आणि सुसाट सुटली. सरळ रेषेत ती अजूनही सगळ्यांहून वेगवान होती. मैदानावर एकदम शांतता झाली, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की आता खांब येणार. तिनं खांबाला हात घातला आणि डावीकडे वळली. पळणारी मुलगी हातभर अंतरावर होती. शर्वरीनं सूर मारला तो तिच्या उलट्या दिशेला, रिकाम्या मॅटवर. उठायचा प्रयत्न केला आणि परत पडली. तिसऱ्यांदा ती चार पायांवर रांगत खांबापर्यंत गेली आणि खांबाला मिठी मारून बसली. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पोरं फोन काढून चित्रण करू लागली. चौगुले सर तोंडावर रुमाल धरून मागच्या मागे निघून गेले.

आमच्या पाच जणी निवडल्या गेल्या.

पुढचे चार दिवस मी दवाखाना बंद ठेवला. पुस्तिका पुन्हा वाचली, कंपनीच्या तंत्रज्ञाला दुसऱ्याच पेशंटच्या नावानं प्रश्न विचारले. त्यानं सांगितलं, दोनदा वापर झाला असला तरी आठ आठवड्यांच्या आत खरी नोंद भरली तर पट्टा बहुतेक सगळं उलटं फिरवू शकतो. आठ आठवडे उलटले की सांगता येत नाही. आमच्याकडे तीन दिवस होते, आणि मी लेखी कबूल केल्याशिवाय महासंघ खरी नोंद उघडणार नव्हता.

दुसरीही एक वाट होती. खेळाडूनं निवृत्ती घेतली की महासंघाचं कुलूप सुटतं. पट्टा मग मूळ नोंदीकडे नेत नाही, त्या वयाच्या सर्वसाधारण बाईच्या सरासरीवर नेतो. चालता येतं, जिना उतरता येतो, डोळे मिटून तोंड धुता येतं. खांबाला वळसा घालून सूर मारता येत नाही, कारण सर्वसाधारण बाईला त्याची गरज नसते. आणि निवृत्त खेळाडूच्या सगळ्या नोंदी, खऱ्या आणि खोट्या, खाजगीपणाच्या नियमानं पुसल्या जातात.

निवृत्तीचा अर्ज घेऊन मी आरगला गेले.

शर्वरी खुर्चीत बसली होती, पाय जमिनीवर घट्ट रोवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. तिची आई चहा ठेवायला आत गेली. मी म्हणाले की मार जितका वाटला त्यापेक्षा खोल होता, तुझं डोकं आता हा खेळ सोसणार नाही, सही केलीस तर निदान रोजचं जगणं तरी सुधारेल. हे सगळं मी घरून पाठ करून आले होते. बोलताना अडखळले नाही.

तिनं अर्ज वाचला. मान खाली घातली की अक्षरं पळत होती, म्हणून कागद डोळ्यांसमोर वर धरून वाचला. वाचायला बराच वेळ लागला.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार.”

“दहाव्या दिवशी मला बरं वाटत हुतं. अगदी मोकळं. तुमी चहा पाजलासा मला. मग तुमी पट्टा एकदाच लावाय सांगितला हुता आन् मी दोनदा लावला. आईकडनं निरोप दिलासा तरी ऐकलं न्हाई. मला वाटलं, लवकर हुईल. त्यानंच बिघडलं न्हवं का ह्ये? माझंच चुकलं न्हवं?”

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून डावीकडे सरकत होते आणि ती ते पुन्हा पुन्हा ओढून माझ्यावर आणत होती. तीन दिवस बाकी होते. एक वाक्य बोलले असते तर तिला तिचं सगळं परत मिळायची शक्यता होती.

“हो,” मी म्हणाले. “थोडी घाई झाली तुझी.”

तिनं मान हलवली. रडली नाही. माझ्याच पेननं सही केली, अंगठ्यानं शाई पुसली आणि कागद माझ्या हातात दिला.

“माफ करा मॅडम,” ती म्हणाली. “तुमी एवढं केलंसा माझ्यासाठी.”

मग ती माझ्या पाया पडायला उठली. मी नको नको म्हणत होते. वाकता वाकता ती डावीकडे कलली, तेव्हा तिनं एका हातानं टेबल धरलं आणि दुसऱ्या हातानं माझे पाय चाचपून शोधले.